डिस्क गोल्फ, चार माणसं आणि एक भोपळा: नेपरविल ते एम्पोरिया, प्रवासाच्या नोंदी

३ सप्टेंबर २०२३, रविवार

आई-बाबा सहा महिन्यांसाठी आमच्याकडे, शिकागोजवळच्या नेपरविलला आले आहेत, नोव्हेंबरात परत जातील. मला कॅन्ससमधल्या एम्पोरियाला एकदा तरी जाऊन डिस्क गोल्फ खेळायचं आहे. बायकोची ऑक्टोबरात एक आठवडा सुट्टी शिल्लक आहे. या तिन्हींची मोट बांधायची, एवढाच प्रकल्प. नोंदी ठेवतोय कारण घरात खेळणारा एक आणि न खेळणारे तिघं अशी अवस्था इकडे बऱ्याच जणांची असते. कोर्सबद्दल, म्हणजे खेळायच्या मैदानाबद्दल, हवी तेवढी माहिती मिळते. मी खेळत असताना आईने तीन तास कुठे बसायचं, हे मात्र कुठे लिहिलेलं सापडलं नाही.

खेळ माहीत नसेल तर थोडक्यात: सगळं गोल्फसारखं, फक्त चेंडूऐवजी चकती आणि भोकाऐवजी खांबावरची टोपली. टोपलीच्या वर साखळ्या लोंबत असतात, चकती त्यांना आपटून आत पडते. पहिला कायमस्वरूपी कोर्स १९७५ साली कॅलिफोर्नियात ओक ग्रोव्ह पार्कमध्ये झाला. आता गावोगावच्या सार्वजनिक बागांत कोर्स आहेत आणि बहुतेक ठिकाणी एक पैसा पडत नाही. एवढं सगळं सांगितल्यावर बाबांनी फक्त शेवटचं वाक्य लक्षात ठेवलं.

पहिला आराखडा आज रात्री बसून केला. सात दिवस, नऊ कोर्स. प्रत्येक कोर्सपुढे 'बघण्यासारखं' असा रकाना करून त्यात नकाशावर दिसेल ते भरलं. रकाना भरलेला दिसला की काम झाल्यासारखं वाटतं.

१० सप्टेंबर, रविवार

बायको म्हणाली, आधी इथल्या इथे एक फेरी करून बघ, आम्हाला घेऊन. घराजवळच्या कोर्सवर गेलो. एकटा असलो की अठरा होल, म्हणजे अठरा टोपल्या, दीड तासात संपतात, म्हणून सगळीकडे दीड तासच धरला होता. आज दोन तास पन्नास मिनिटं लागली. आई सहाव्या होलला थांबली, गुडघे. बाबा पूर्ण चालले, पण प्रत्येक टोपलीपाशी साखळ्या हलवून बघत होते.

घरी आल्यावर बाबांनी आराखडा मागितला. बाबा एसटीत वाहतूक नियंत्रक होते, तीस वर्षं साताऱ्याच्या स्टँडवर खिडकीत बसून गाड्या सोडल्या. त्यांनी चष्मा लावून कागद वाचला आणि म्हणाले, "गाडी किती वेळात पोचते ते लिहिलंयस. थांब्यावर किती वेळ उभी राहते ते कुठाय?"

ते कुठेच नव्हतं. नकाशा दोन तास दहा मिनिटं म्हणाला की मी दोन तास दहा मिनिटंच लिहीत होतो. "प्रवासी खाली उतरला की परत चढेपर्यंत वीस मिनिटं गेली म्हणून समज. आणि तुझ्या गाडीत दोन प्रवासी सत्तरीचे आहेत."

नऊ कोर्सचे सहा झाले. दिवसाला एक मुक्काम, एक ठरलेला थांबा, जास्तीत जास्त एक कोर्स. शिवाय बाबांनी रोजच्या पानावर एक मोकळा तास टाकला आणि त्यापुढे लिहिलं, "हात दाखवा, गाडी थांबवा." हा तास कोणाचाही. आईला काही दिसलं आणि तिने हात केला की गाडी उभी करायची, प्रश्न विचारायचे नाहीत. मला तेव्हा हा तास फुकट गेल्यासारखा वाटला होता.

१६ सप्टेंबर, शनिवार

तारखा ठरल्या: ७ ते १४ ऑक्टोबर. पंधराला घटस्थापना, म्हणजे चौदाच्या रात्री घरी असणं भागच. आईची कुरकुर वेगळी, सगळा प्रवास पितृपंधरवड्यात येतोय. "फिरायलाच चाललोय, मुंज नाही करत," असं बाबा म्हणाले आणि विषय मिटला. पूर्ण मिटला नव्हता, ते पुढे येईल.

मार्ग: नेपरविल, मॉर्टन, स्प्रिंगफील्ड, सेंट लुईस, कोलंबिया, कॅन्सस सिटी, एम्पोरिया. परतताना आयोवातून. साधारण १४०० मैल. रोज दोन खोल्या. सगळीकडे आदल्या दिवसापर्यंत रद्द करता येईल असं बुकिंग घेतलं, एक सोडून. तिथे बारा डॉलर वाचत होते म्हणून परत न मिळणारं घेतलं. ते बारा डॉलर किती महागात पडले ते शेवटच्या हिशोबात आहे.

यानंतर गणपती. दहा दिवस कागदाला हात लागला नाही.

१ ऑक्टोबर, रविवार

चकत्यांवर फोन नंबर लिहायचा असतो, हरवली तर सापडणारा मेसेज करतो. हे काम बाबांना दिलं. सतरा चकत्या, काळा मार्कर, सुरेख अक्षर. संध्याकाळी बघितलं तर सगळे नंबर मराठी आकड्यांत. सतराच्या सतरा. पुसायला स्पिरिट नव्हतं, तशाच पिशवीत भरल्या.

आईने दशम्या, धपाटे, मेतकूट, शेंगदाण्याची चटणी असं चार दिवसांचं बांधलं. डिकीत चकत्यांची पिशवी सगळ्यात खाली गेली.

७ ऑक्टोबर, शनिवार: नेपरविल ते मॉर्टन ते स्प्रिंगफील्ड

सातला निघायचं होतं, आठ वीसला निघालो. मॉर्टनला पोचेपर्यंत पावणेअकरा.

इथली चूक पूर्णपणे माझी. नॉर्थवुड पार्कमध्ये सोप्या कोर्सवर खेळायचं ठरलं होतं, पण तिथे पोचल्यावर 'ब्लॅक' नावाच्या कोर्सचा फलक दिसला आणि राहवलं नाही. मोठ्या स्पर्धा होतात तो कोर्स. दोन्ही बाजूंनी झाडी आणि मधून बोळ. माझ्यासारख्याने फेकलेली चकती पन्नास फुटांवर खोडाला लागून उजवीकडे नाहीतर डावीकडे जाते आणि मग शोध सुरू. अडीच तास धरले होते, तीन तास चाळीस मिनिटं लागली. दोन चकत्या कायमच्या गेल्या. दोन्ही नारिंगी. उन्हाळ्यात हिरव्या गवतात नारिंगी लांबून चमकते म्हणून घेतल्या होत्या. ऑक्टोबरात जमिनीवर पानांचा सडा असतो, पिवळा, तांबडा, नारिंगी. चकती पायाखाली असली तरी दिसत नाही. पानगळीत जाणार असाल तर निळी किंवा गडद गुलाबी न्या.

तेवढ्या वेळात बाकीचे तिघं भोपळे बघून आले. मॉर्टन म्हणजे भोपळ्याचं गाव. अमेरिकेत डबाबंद भोपळा विकला जातो त्यातला बहुतांश इथल्या कारखान्यातून जातो. आईने आयुष्यात एवढे भोपळे एका जागी पाहिले नव्हते. तिने त्यातला एक घेतला, केशरी, गोल गरगरीत, सात-आठ किलोंचा. "सर्वपित्रीला भाजी होईल, उरलेल्याचे घारगे." मी म्हटलं, आठवडाभर डिकीत? तर बायकोने माझ्याकडे अशी नजर टाकली की तीन तास चाळीस मिनिटं आठवली.

स्प्रिंगफील्डला पोचलो तेव्हा लिंकनचं घर बंद झालेलं. उद्यावर ढकललं. म्हणजे उद्याचा सेंट लुईसचा कोर्स गेला. सहाचे पाच.

८ ऑक्टोबर, रविवार: स्प्रिंगफील्ड, कहोकिया, सेंट लुईस

वर्ल्ड कपची भारत-ऑस्ट्रेलिया मॅच इथल्या पहाटे साडेतीनला सुरू झाली. बाबा कानात वायर घालून अंधारात बसलेले. हे मी वेळापत्रकात धरलंच नव्हतं. ऑस्ट्रेलिया १९९ मध्ये आटोपली तेव्हा वाटलं आता निघता येईल, तर आपले दोन धावांवर तीन गेले. अशा वेळी बाबांना खोलीतून हलवणं शक्य नव्हतं. कोहली आणि राहुल ठाण मांडून उभे राहिले, मग फोन हातात धरूनच ते गाडीत बसले.

लिंकनचं घर फुकट आहे, पण व्हिजिटर सेंटरमधून वेळेचं तिकीट घ्यावं लागतं. १८४४ साली घेतलेलं घर, त्याच्या मालकीचं हे एकच. जिन्याचा कठडा मूळचा आहे असं गाइडबाईंनी सांगितल्यावर आई कठड्याला हात लावून वर गेली आणि हात लावूनच खाली आली. दफनभूमीत थडग्यासमोर त्याच्या चेहऱ्याचं ब्राँझचं मोठं शिल्प आहे, येणारा जाणारा त्याच्या नाकाला हात लावतो. सगळा चेहरा काळपट आणि नाक तेवढं पिवळंधमक. देवळातल्या कासवाची पाठ होते तसं. बाबांचा हात पोचेना, मी उचलू का विचारलं तर रागावले.

सेंट लुईसच्या अलीकडे कहोकिया माउंड्स. हे थांब्यांच्या यादीत नव्हतं, कोर्स गेला म्हणून जागा झाली. आठ-नऊशे वर्षांपूर्वी इथे मोठं नगर होतं, मातीचे ढिगारे रचून त्यावर वस्ती आणि देवस्थानं. सगळ्यात मोठा मंक्स माउंड शंभर फूट उंच, पायथा चौदा एकरांचा, सगळी माती टोपल्यांनी वाहिलेली. १९८२ पासून युनेस्कोच्या यादीत आहे. संग्रहालयाची इमारत दुरुस्तीसाठी बंद होती, हे आधी बघायला हवं होतं. आई खाली सावलीत बसली, आम्ही तिघं पायऱ्या चढलो. वरून दूरवर सेंट लुईसची कमान दिसते, कंगव्याच्या दातासारखी बारीक. बाबा म्हणाले, "टोपल्या वाहणाऱ्याला काय हजेरी मिळत असेल?"

९ ऑक्टोबर, सोमवार: सेंट लुईस ते कोलंबिया

कमानीचं आधी बुकिंग केलं नव्हतं. सोमवार, कामाचा दिवस, गर्दी कशाला असेल, असा हिशोब. ऑक्टोबरचा दुसरा सोमवार म्हणजे संघराज्याची सुट्टी, माझ्या ऑफिसला ती नसते म्हणून डोक्यातच आली नाही. वर जाणाऱ्या ट्रामची तिकिटं संध्याकाळपर्यंत संपलेली. शिवाय सुरक्षा तपासणीत माझ्या पाठपिशवीत टेपची छोटी कात्री निघाली. परत गाडीपर्यंत, परत रांग. पन्नास मिनिटं गेली.

गंमत म्हणजे हे पथ्यावरच पडलं. खाली ट्रामच्या डब्याची प्रतिकृती ठेवली आहे. पाच माणसांची कोठीसारखी गोल पेटी, दार एवढंसं की वाकून शिरायचं. आईने आत डोकं घालून बघितलं आणि जाहीर केलं की तिकीट मिळालं असतं तरी ती बसली नसती. जमिनीखालचं संग्रहालय फुकट आहे, ते निवांत पाहिलं. मग कमानीच्या पायाशी उभं राहून पोलादाला हात लावला, मान मागे टाकून वर बघितलं. ६३० फूट. १९६५ साली शेवटचा तुकडा बसवला. अर्धा तास पुरतो.

पेट्रोल मिझुरीत शिरल्यावर भरा. नदीच्या अलीकडे, इलिनॉयमध्ये, महाग आहे.

रात्री कोलंबियाच्या हॉटेलात मी विजेच्या तव्यावर मेतकूट-भातासाठी फोडणी केली. धुराचा भोंगा वाजला. पूर्ण मजला बाहेर. याहून जास्त लिहीत नाही. फोडणी घरूनच करून न्या.

१० ऑक्टोबर, मंगळवार: कोलंबिया, रोशपोर्ट, कॅन्सस सिटी

हा एकच दिवस कागदावर होता तसाच पार पडला, म्हणून जरा सविस्तर.

हार्मनी बेंड्स हा कोलंबियातला कोर्स, स्ट्रॉन पार्कमध्ये. देशातल्या उत्तम कोर्सच्या याद्यांत त्याचं नाव असतं. टेकाडं, ओढा, त्यावर लाकडी पूल, दाट झाडी. सकाळी साडेसातला मी आणि बाबा दोघंच गेलो. आई आणि बायको हॉटेलात, नाश्ता आणि केस धुणं. खेळ पहाटे उरकायचा आणि हॉटेल सोडायच्या वेळेपर्यंत परत यायचं. असं केलं की न खेळणाऱ्यांचा एक मिनिटही जात नाही. हे चौथ्या दिवशी सुचलं याचं वाईट वाटतं.

बाबांना कामही सापडलं. ते टीवर, म्हणजे पहिली फेक करतात त्या जागी, उभे राहण्याऐवजी पुढे शंभर पावलांवर जाऊन झाडाआड उभे राहतात आणि चकती कुठे पडली ते बघून ठेवतात. गावच्या मैदानावर चाळीस वर्षं लाँग ऑनला उभं राहिलेल्या माणसाची नजर. चकती झाडाला लागली की ती कुठल्या बाजूला घरंगळेल ते आवाजावरून सांगतात. "खोडाला लागली, मागं आली. फांदीला लागली असती तर खाली पडली असती." अकराव्या होलपर्यंत एकही हरवली नाही.

अकराव्यावर एक ओढ्यापलीकडे गेली. शोधत होतो तेवढ्यात मागून येणारा एक दाढीवाला ती हातात घेऊन आला. आकड्यांवर बोट ठेवून त्याने विचारलं, हा मंत्र आहे का? बाबांना इंग्रजी समजतं. मी काही बोलायच्या आत ते हो म्हणाले. त्या माणसाने चकती दोन्ही हातांनी परत दिली.

दुपारी रोशपोर्ट, कोलंबियाच्या पश्चिमेला दहा-पंधरा मैलांवर. जुन्या रेल्वेमार्गावर केलेली केटी ट्रेल तिथून जाते. रूळ काढून बारीक खडीचा सपाट रस्ता केलाय, चढ-उतार शून्य. गुडघेवाल्यांसाठी अख्ख्या सहलीत याहून बरी जागा नव्हती. १८९३ सालचा दगडी बोगदा, एका बाजूला मिझुरी नदी, दुसऱ्या बाजूला चुनखडीचे उभे कडे. आई दोन मैल चालली. बोगद्यात शिरल्यावर तिने "कूऽऽ" केलं, एकदा नाही, तीनदा.

११ ऑक्टोबर, बुधवार: कॅन्सस सिटी ते एम्पोरिया

नेल्सन-ॲटकिन्स संग्रहालय. प्रवेश फुकट, आशियाई विभाग मोठा, आईला मूर्ती बघायच्या होत्या. दहा वाजता दारात उभे, दार बंद. मंगळवार-बुधवार सुट्टी. मी वेळ बघितली होती, वार बघितला नव्हता. बायकोने तेव्हापासून नवा रकाना सुरू केला आहे, "वार."

हिरवळ मात्र उघडी असते आणि तिथे बॅडमिंटनची चार अवाढव्य फुलं पडलेली आहेत, दोन मजली घराएवढी, १९९४ साली बसवलेली. जणू इमारत म्हणजे नेट आणि कोणीतरी आत्ताच डाव सोडून गेलंय. त्या हिरवळीवर एक चकती फेकायची फार इच्छा झाली. पहारेकऱ्याने माझ्या पिशवीकडे बघितलं.

मग ऐनवेळी पहिल्या महायुद्धाच्या संग्रहालयात गेलो. हा थांबा कोणीच सुचवला नव्हता. आत शिरताना काचेचा पूल आहे आणि पायाखाली खसखशीच्या लाल फुलांचं शेत. नऊ हजार फुलं, एक फूल म्हणजे एक हजार मेलेले सैनिक. आम्ही पलीकडे गेलो. बाबा पुलाच्या मध्यावर उभे. मी परत आलो तर म्हणाले, "यातलं कुठलं तरी एक अपशिंग्याचं." आमच्या गावापासून अपशिंगे जवळ, त्या एका गावातले ४६ जण त्या युद्धात गेले. बाबांनी तिथल्या गाड्या सोडल्या आहेत, 'अपशिंगे मिलिटरी' अशी पाटी लावून. आत पाऊण तास धरला होता, अडीच तास थांबलो. कॅन्सस सिटीतला कोर्स मी स्वतःच खोडला. पाचाचे चार.

तिथून एम्पोरिया ११० मैल. अंधार पडायच्या आत पोचलो.

१२ ऑक्टोबर, गुरुवार: एम्पोरिया

ज्याच्यासाठी हे सगळं. पंचवीस हजारांच्या आसपास वस्तीचं गाव, आणि जागतिक स्पर्धा इथे २०१६ आणि २०२२ साली झाल्या. दर वसंतात इथली मोठी स्पर्धा असते तेव्हा गावात खोली मिळत नाही. ऑक्टोबरात सगळं मोकळं. चकत्या बनवून विकणाऱ्या कंपनीचं मोठं दुकान बाजारपेठेतच आहे. मी आत पन्नास मिनिटं होतो असं बायको म्हणते.

सकाळी जोन्स पार्क. उघडा माळ आणि वारा. कॅन्ससचा वारा काय असतो ते वाचून कळत नाही. समोरून वारा असताना मी नेहमीची हलकी, वापरून गुळगुळीत झालेली चकती फेकली. ती नाक वर करून चढली, थांबली, आणि माझ्या डोक्यावरून मागे येऊन गाडीतळावर पडली. बाबा पुढे जाऊन उभे होते, त्यांना वाटलं मी फेकलीच नाही. वाऱ्यात जड आणि हट्टी चकती लागते, फेकल्यावर सरळ जाऊन शेवटी डावीकडे वळणारी. अशी एकच होती, ती नवव्या होलला तळ्यात गेली. ही तिसरी. चौथी अठराव्याला गवतात. गुणांचं विचारू नका.

दुपारी पीटर पॅन पार्क. तिथेही कोर्स आहे, पण मी फक्त सहा होल खेळलो, कारण आईला ती बाग आवडली आणि मला तिच्याजवळ बसावंसं वाटलं. ही जमीन इथल्या वर्तमानपत्राचे नामांकित संपादक विल्यम ॲलन व्हाइट यांनी गावाला दिली, मुलीच्या आठवणीत. १९२१ साली ती घोड्यावरून जाताना फांदी डोक्याला लागून गेली, वय सोळा. मी हे सांगितल्यावर आईने थोड्या वेळाने विचारलं, "एकुलती होती का रे?" एक भाऊ होता, म्हटलं. मग ती तळ्यातल्या बदकांकडे बघत राहिली. मी उरलेले होल सोडून दिले.

१३ ऑक्टोबर, शुक्रवार: स्ट्राँग सिटी, मग आयोवाकडे

सकाळी टॉलग्रास प्रेअरी राष्ट्रीय संरक्षित क्षेत्र, एम्पोरियाहून वीस मैल. वाटेत आईने हात केला. गाडी बाजूला घेतली. ती उतरून कुंपणापाशी गेली आणि तिथूनच ओरडली, "अहो, ही जोंधळ्याची कणसं बघा!"

होती खरी ज्वारी. कमरेएवढीच, लालसर तपकिरी कणसं, दाट, एका उंचीची, कात्रीने कापल्यासारखी. आमच्याकडे ज्वारीत माणूस हरवतो, इथे यंत्राने कापायची म्हणून बुटकी. ज्वारी पिकवण्यात कॅन्सस देशात पहिला आहे. जनावरांना घालतात आणि इथेनॉल काढतात, असं मी सांगितल्यावर आईचा विश्वास बसेना. "भाकरी नाही करत?" तिने कणसाला हात लावला नाही, दुसऱ्याचं शेत. पण कुंपणाशी वाकून बराच वेळ वास घेत होती. पंचवीस मिनिटं थांबलो. 'हात दाखवा'चा तास आज वसूल झाला.

संरक्षित क्षेत्रात गवत माणसाहून उंच. एकेकाळी या खंडाचा १७ कोटी एकर भाग असल्या गवताखाली होता, आता चार टक्केही उरलं नाही. जे उरलंय ते बहुतेक इथे, कारण मातीखाली चुनखडी आणि गारगोटी, नांगर चालला नाही. ऑक्टोबरात गवत तांबूस होतं, तुऱ्याला पक्ष्याच्या पायासारखी तीन बोटं. हे गवत आणि ज्वारी एकाच कुळातली, ऊसही त्याच कुळातला. आईला हे वेगळं सांगावं लागलं नाही, पात बोटांत धरून तीच म्हणाली, "कडब्यासारखंच आहे."

चूक इथेही झाली. गवे (इथले बायसन) गाडीतून दिसतील असं गृहीत धरलं होतं. ते चालत जायच्या वाटेवर, आतल्या कुरणात असतात, जाऊन-येऊन सहा मैलांहून जास्त. आम्ही मैलभर गेलो आणि लांब टेकडीवर काळे ठिपके बघून परत फिरलो. बाबांच्या मते म्हशीच. फोटोत काही नाही. गवे नीट बघायचे असतील तर अख्खी सकाळ राखा आणि गुडघेवाल्यांना १८८१ च्या दगडी घरापाशी आणि तबेल्यापाशी बसवा, तिथे बाकं आहेत. कॉटनवुड फॉल्सचं लाल छपराचं न्यायालय गाडीतूनच पाहिलं. १८७३ पासून आजपर्यंत चालू आहे, हे ऐकून बाबा म्हणाले, "तारखा पडत असतील."

तीनशे मैल गाडी हाकून रात्री डे मॉइन.

१४ ऑक्टोबर, शनिवार: डे मॉइन ते घर

डे मॉइनजवळचा पिकार्ड पार्क शेवटचा कोर्स होता. तो रद्द. सकाळी उठलो तर आई अंघोळ करून बसलेली. आज सर्वपित्री, आणि वर सूर्यग्रहण. भारतात दिसणार नव्हतं, इथे खंडग्रास दिसणार होतं. प्रश्न असा की पाळायचं कुठलं? दुपारपर्यंत यावर गाडीत चर्चा चालली. बारा वाजता आयोवाच्या एका रेस्ट एरियात उभे होतो तेव्हा आभाळ भरून आलेलं, सूर्यच नव्हता. आईला तेवढा निकाल पुरला. तिने बाकाच्या टोकावर दशमीचा एक घास ठेवला आणि लांब जाऊन उभी राहिली. कावळा नव्हता. खार आली आणि घास घेऊन पळाली. बाबा म्हणाले, "आमचे अण्णाही जेवायला थांबायचे नाहीत."

भारत-पाकिस्तान मॅच त्याआधीच संपली होती, सात विकेटनी जिंकलो. बाबा पहाटे साडेतीनपासून जागे, त्यामुळे इलिनॉय येईपर्यंत झोपले. सहाच्या सुमारास घरी.

१५ ऑक्टोबर, रविवार: हिशोब

हा बाबांच्या वहीतून. एकूण १४५० मैल. पेट्रोल २०५ डॉलर, खोल्या १३३०, बाहेरचं खाणं ३४०, महायुद्धाचं संग्रहालय ७०, हरवलेल्या चार चकत्या ७२. आणि ११२ डॉलर त्या परत न मिळणाऱ्या खोलीचे. सेंट लुईसमध्ये एका खोलीचा घोळ झाला आणि दुसरीकडे जावं लागलं, बारा वाचवायला गेलो त्याचे. सगळे मिळून २१२९. कोर्सचे शून्य. ठरवले नऊ, पूर्ण खेळलो तीन आणि एक तिसरा हिस्सा.

पुढच्या वेळी मॉर्टनला ब्लॅकवर जाणार नाही. म्हणजे, बाकीच्यांना घेऊन जाणार नाही.

आणि भोपळा. काल रात्री आईने कापला. आठवडाभर डिकीत टिकला, डागही नाही. पण आतून पांढुरका, धाग्याधाग्यांचा, आणि कढईत घातल्यावर नुसतं पाणी. तो हॅलोविनला कोरून दारात ठेवायचा भोपळा, खायचा नव्हेच. डब्यात जातो तो वेगळा, लांबट, फिकट तपकिरी सालीचा. तोही तिथेच ढिगात होता, आईला रंग आवडला नाही. भाजी आटवायला पाऊण तास लागला, गूळ दुप्पट पडला. घारगे झाले नाहीत. सकाळी घट बसवताना त्याच्या बिया मात्र तिने धुऊन, वर्तमानपत्रावर वाळत घालून ठेवल्या, साताऱ्याला न्यायला. कस्टमवाले काय म्हणतील ते बाबा बघणार आहेत.